बेडकाच्या चित्रात माती कुठे आहे?

बेडकाचे चित्र काढा असे सांगितले तर तुम्ही काय काढाल? मी बरीच वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर मला पाठ आहे. एक तळे, तळ्यात कमळाची दोन-चार पाने, त्यांपैकी एकावर ऐटीत बसलेला हिरवा बेडूक. आणि वर्ग जरा चुणचुणीत असेल तर पाण्यात शेपटीवाले बेडूकमासे. चाळीस मुलांच्या चाळीस वह्यांत हेच चित्र. यात मुलांचा काही दोष नाही. फळ्यावर मीच ते काढत असे, आणि मलाही माझ्या मास्तरांनी तेच शिकवले होते.

विद्यार्थी मित्रहो, आज मला या चित्राविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे. ते अपुरे आहे हे तर उघडच आहे. कोणतेही चित्र अपुरेच असते. माझी तक्रार त्याहून गंभीर आहे. या चित्रामुळे बेडूक मरतात, असे माझे मत आहे. हे मत जरा धाडसी वाटेल, म्हणून मी सोबत एक साक्षीदार आणला आहे. तो आपल्याकडचा नाही. दक्षिण आफ्रिकेचा आहे, आणि चांगलाच धिप्पाड आहे.

त्याला इंग्रजीत आफ्रिकन बुलफ्रॉग म्हणतात. शास्त्रीय नाव पिक्सिसेफॅलस ॲडस्पर्सस. योहान याकोब फोन चुडी या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १८३८ साली ते दिले. नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘डबीसारख्या डोक्याचा’, आणि प्राणी पाहिला की नाव पटते. डोके रुंद, जबडाही तसाच रुंद, आणि अंग पिठाच्या सैल गोणीसारखे जमिनीवर पसरलेले. रंग शेवाळी हिरवा, गळा पिवळसर. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ वीतभर लांब असतो आणि त्याचे वजन किलोच्या घरात, कधी त्याहूनही जास्त भरते. बहुतेक जातींच्या बेडकांत मादी मोठी असते. इथे नर मोठा. खालच्या जबड्याच्या पुढच्या बाजूला दातांसारखी हाडांची टोके असतात, त्यामुळे याने चावा घेतला तर माणसाच्या बोटातून रक्त येते. किडे, उंदीर, पाखरांची पिल्ले, लहान साप, दुसरे बेडूक, जे तोंडात मावेल ते त्याचे भक्ष्य. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे या देशांतली गवताळ माळराने हा त्याचा मुलूख.

आता या पहिलवानाच्या वर्षाचा हिशेब मांडू. वर्षातले आठ-दहा महिने तो जमिनीत गाडून घेतलेला असतो.

गाडून घेण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्याच्या मागच्या पायांच्या तळव्यांवर एक कठीण उंचवटा असतो, फावड्याच्या पात्यासारखा. त्याने माती दोन्ही बाजूंना लोटत, अंग वळवीत तो मागच्या मागे जमिनीत उतरतो. घूस किंवा कोल्हा तोंड पुढे करून बीळ खणतो. हा मात्र पाठीकडून बुडत जातो आणि शेवटी डोळे दिसेनासे होतात. वरची माती ढासळून भोक बुजते. तुम्ही त्यावरून चालत गेलात तरी पायाखाली किलोभर बेडूक आहे याचा पत्ता लागणार नाही.

खाली गेल्यावर खरा प्रश्न पाण्याचा. बेडकाची कातडी ही काही सरड्याची कातडी नव्हे. ती पातळ आणि ओलसर असते, तिच्यातून पाणी सहज आत येते आणि तितक्याच सहज बाहेर जाते. उन्हात ठेवलेला बेडूक काही तासांत वाळून मरतो. मग कोरड्या जमिनीत हा महिनोन्‌महिने कसा टिकतो? एक तर तो हालचाल बंद करतो, त्यामुळे शरीरातील ज्वलनाचा वेग पुष्कळ खाली येतो आणि साठवलेली चरबी पुरते. दुसरे, त्याच्या मूत्राशयात पातळ मूत्राचा साठा असतो. गरज पडेल तसे त्यातले पाणी शरीर परत शोषून घेते. आणि तिसरी युक्ती सर्वांत नामी. एरवी बेडूक अधूनमधून कात टाकतो. जमिनीतला हा बेडूक कातडीचा वरचा थर सुटा करतो पण अंगावरून काढत नाही. त्याखाली दुसरा थर सुटतो, मग तिसरा. असे थरावर थर साचून पातळ कागदासारखा एक कोश तयार होतो आणि त्यात तो सगळा गुंडाळला जातो. उघड्या राहतात फक्त नाकपुड्या. जे. पी. लव्हरिज आणि पी. सी. विदर्स या शास्त्रज्ञांनी कोशातल्या आणि कोशाबाहेरच्या बेडकांची तुलना करून १९८१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोशामुळे अंगातून होणारे बाष्पीभवन बरेच घटते, हे त्यांत दिसून आले. पुढे पावसाचे पाणी मुरले की बेडूक जागा होतो, कोश फाडतो आणि खाऊन टाकतो. महिनोन्‌महिन्यांच्या उपासानंतरचे पहिले जेवण म्हणजे स्वतःचीच कातडी!

इथे थोडे विषयांतर करतो. आपण अशा अवस्थेला ‘ग्रीष्मनिद्रा’ म्हणतो. पण जोहान्सबर्गच्या आसपासच्या पठारावर पाऊस उन्हाळ्यात पडतो, साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्ये. कोरडा ऋतू म्हणजे तिथला हिवाळा. तेव्हा तिथे हा बेडूक थंडीत झोपतो आणि उन्हाळ्यात उठतो. त्याला ऊन किंवा थंडी यांपेक्षा ओल आहे की नाही याच्याशी कर्तव्य आहे. पाठ्यपुस्तकातले शब्द आपापल्या देशाच्या पंचांगावरून पडलेले असतात, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

जोराचा पाऊस झाला की दृश्य बदलते. माळावर बशीसारखे उथळ खोलगट भाग असतात, त्यांत पाणी साचते. त्यांना तिकडे पॅन म्हणतात. एक-दोन दिवसांत चहूकडून बेडूक तिथे गोळा होतात. बहुतेक बेडूक रात्रीचे जीव. हे मात्र भर दिवसा जमतात. नर उथळ पाण्यात जागेसाठी भांडतात, एकमेकांना उचलून आपटतात, चावतात. एखादा त्यात मरतोही. थोराड नर मोक्याची जागा अडवतात आणि लहान नर कडेला संधीची वाट पाहतात. माद्या येतात, एकेक मादी तीन-चार हजार अंडी घालते, आणि हा सगळा गोंधळ फार थोड्या वेळात आटोपतो.

इतकी घाई कशासाठी? आणि जवळपास बारमाही तलाव असला तरी अंडी असल्या डबक्यात का? मी वर्गात हा प्रश्न विचारला की मुले म्हणतात, “बेडकाला कळत नाही म्हणून.” उलट, त्यात मोठा फायदा आहे. जे पाणी दरवर्षी आटते त्यात मासे टिकत नाहीत. बारमाही तलावात मासे असतात आणि अंडी व डिंभक हे त्यांचे आयते खाद्य. शिवाय उथळ पाणी उन्हाने लवकर तापते आणि ऊब असली की वाढ झपाट्याने होते. दोन दिवसांच्या सुमारास अंडी फुटतात आणि सुमारे तीन आठवड्यांत बेडूकमाशाचा बेडूक होऊन तो जमिनीवर येतो. माशांपासून सुटका मिळते, पण त्याची किंमत म्हणून पाणी आटण्याशी शर्यत लावावी लागते. डबके आटते हाच त्याचा गुण आहे आणि तोच धोकाही आहे.

या शर्यतीत बाप मदत करतो. अंडी घालून मादी निघून जाते. नर मात्र डिंभकांच्या झुंडीजवळ थांबतो. बगळा येवो, गाय येवो नाही तर माणूस येवो, तो तोंड वासून अंगावर धावून जातो. उथळ भागातले पाणी आटू लागले आणि पिल्ले अडकली, तर तो चिखलातून अंग रेटत, मागच्या पायांनी माती लोटत मोठ्या पाण्यापर्यंत चर पाडतो, आणि त्या चरातून पिल्ले पलीकडे जातात. कॉक, दु प्री आणि चॅनिंग या तिघा प्राणिशास्त्रज्ञांनी १९८९ साली या चर खणण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. जमिनीत लपण्यासाठी लाभलेले फावडे इथे कालव्याच्या कामी येते! मात्र हाच नर अधूनमधून त्यांतल्या काही डिंभकांना गिळतोही. त्यामुळे त्याच्यावर लिहिणारे काही जण त्याला आदर्श पिता ठरवतात आणि काही जण राक्षस. मला दोन्ही बिरुदे नकोशी वाटतात. हजारो पिल्लांतली थोडी खाऊन बाकीची वाचवणारा बाप आपल्या नीतीच्या पुस्तकात बसत नाही, आणि त्याने बसावे अशी अपेक्षाही करू नये.

पण माझा मुद्दा मादीचा आहे. तिच्या वर्षाकडे पाहा. पाण्यात ती किती काळ असते? अंडी घालण्यापुरती, फार तर थोडे दिवस. पावसाळ्यातला उरलेला काळ ती माळावर रात्री भक्ष्य टिपत हिंडते आणि कोरडा ऋतू आला की जमिनीखाली जाते. म्हणजे ज्या तळ्यात आपण बेडूक रंगवतो ते तळे तिच्या आयुष्यात वर्षातून एकदा करावयाच्या यात्रेसारखे आहे. पंढरपूरला आषाढीला लाखो वारकरी दिसतात म्हणून सगळे वारकरी पंढरपुरातच राहतात असे कोणी म्हणत नाही. बेडकाच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणत आलो.

जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया ही शहरे वाढता वाढता एकमेकांना भिडली आहेत. त्यांच्यामधला गवताळ माळ हा या बेडकाचा जुना प्रदेश. काही पॅन बुजली, काहींच्या कडेने रस्ते गेले आणि पावसाच्या रात्री पाण्याकडे निघालेले बेडूक मोटारींखाली सापडू लागले. दक्षिण आफ्रिकेतील बेडकांची जी धोक्याची यादी २००४ साली निघाली, तिच्यात त्या देशापुरती ही जात ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ अशी नोंदवली गेली. साऱ्या आफ्रिकेचा विचार करता जात नष्ट होण्याच्या बेतात नाही, हेही सांगितले पाहिजे. नाही तर घाबरवण्यासाठी लिहिल्यासारखे होईल. पण त्या शहरांभोवती ती मागे हटते आहे हे खरे. तिथल्या येटमन आणि फर्ग्युसन या संशोधकांनी जोहान्सबर्गजवळच्या बेडकांचा माग काढला आणि २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. बेडकांचे मुक्काम प्रजननाच्या पाण्यापासून शेकडो मीटर दूरवर पसरलेले आढळले. तेव्हा पॅनभोवती कुंपण घालून त्याला राखीव म्हटले आणि कुंपणापासून इमारती उभ्या केल्या, तर राखले काय? यात्रेचे देऊळ राखले आणि यात्रेकरूंची गावे बुजवली.

हे लांबचे उदाहरण झाले. आता जवळचे सांगतो. आमच्या गावी एक जुने तळे आहे. काही वर्षांपूर्वी त्याचे सुशोभीकरण झाले. हेतू चांगला होता; गाळ काढला, कचरा उचलला, याबद्दल मला आनंदच आहे. मग तळ्याला चारही बाजूंनी उभी दगडी भिंत घातली, भिंतीलगत पेव्हर ब्लॉकचा रस्ता केला, त्यापलीकडे बाके मांडली आणि उरलेल्या जागेत सिमेंट ओतले. कोनशिलेवर ‘निसर्गसंवर्धन’ हा शब्द आहे. काम चालू असताना मी विचारले की पावसाळ्यात इथे मोठे पिवळे बेडूक येतात, त्यांचे काय? उत्तर मिळाले, “गुरुजी, तळे तर आहे तसेच ठेवलेय की!” उत्तर देणारा माझाच विद्यार्थी होता. त्याने माझ्याच फळ्यावरचे चित्र जमिनीवर उतरवले होते: तळे आहे, पाणी आहे, कमळेसुद्धा लावली आहेत, माती तेवढी नाही. रागावणार कोणावर?

ते पिवळे बेडूक म्हणजे आपला भारतीय बुलफ्रॉग, होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. भारतातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी हा एक. आफ्रिकेतल्या बेडकाशी त्याचे जवळचे नाते नाही. दोघांची कुळे निराळी आहेत, आणि खणण्यात हा त्याच्या इतका पट्टीचाही नाही. पण कोरड्या दिवसांत तोही बिळात, भेगांत, चिखलात दडून राहतो आणि पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर येतो. त्या दिवसांत नर हळदीसारखा पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगतात. (दरवर्षी जूनमध्ये कोणी तरी अशा बेडकांचे चलत्चित्र पाठवून ‘हे विषारी परदेशी बेडूक’ असा इशारा देतो. ते विषारीही नाहीत आणि परदेशीही नाहीत.)

या बेडकाचे पाय एके काळी भारतातून जहाजे भरभरून परदेशी जात. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ साली या निर्यातीवर विस्ताराने लिहिले, आणि १९८७ मध्ये सरकारने ती बंद केली. वन्यजीव कायद्याप्रमाणे त्याला पकडणे गुन्हा आहे, तरी गोव्यात पहिल्या पावसात रात्री बत्त्या घेऊन लोक ‘जंपिंग चिकन’ धरायला निघतात आणि वनखात्याला त्यांच्यामागे गस्त घालावी लागते. सुरीपासून बेडकाला वाचवणारा कायदा आपण केला, हे चांगलेच झाले. पण तो मे महिन्यात ज्या बांधात, ज्या पडीक तुकड्यात निजलेला असतो त्या जमिनीला कोणता कायदा लागू आहे? तिचे नावच ‘पडीक’. जिचा उपयोग नाही ती पडीक, आणि उपयोग कोणाला नाही हे ठरवणार आपण.

बेडूक पाण्याचा, ही समजूत आपल्या भाषेतही मुरली आहे. कूपमंडूक, डबक्यातला बेडूक, असे शब्द आपण सहज वापरतो. शास्त्रीय म्हणून शिकवलेला ‘उभयचर’ शब्दही पाणी आणि जमीन या दोनच जागा सांगतो, आणि जमीन म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग असेच मुले समजतात. पूर्वजांची नजर मात्र याहून तीक्ष्ण होती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक मंडूकसूक्त आहे. त्यात वर्षभर व्रतस्थासारखे गप्प पडून राहिलेल्या आणि पावसाने जागे होऊन बोलू लागलेल्या बेडकांचे वर्णन आहे. म्हणजे ते गप्प असलेले महिने तेव्हाच्या कवीने हिशेबात धरले होते. आमच्या आकृतीने ते गाळले.

आणि गाळलेल्या गोष्टीमुळे विज्ञानही फसते. सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळात, एक जांभळा, फुगीर, नाकाड बेडूक आहे. वर्षभर तो जमिनीतच असतो. तिथेच वाळवी खातो आणि पावसाच्या आरंभी थोडेच दिवस वर येतो. त्याचे डिंभक सुमारे शंभर वर्षांपूर्वीच ओढ्यात सापडले होते. प्रौढ बेडकाला शास्त्रीय नाव मिळायला २००३ साल उजाडले, एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्यूट यांनी त्याचे वर्णन ‘नेचर’मध्ये केले. सगळे शोधत होते, पण शोधत होते पाण्यात आणि पानांत.

काही शिक्षक बंधुभगिनी म्हणतील की परीक्षेत अंडी, डिंभक, बेडूक अशी गोल बाणांची आकृती येते आणि तिला गुण असतात. जमिनीखालच्या महिन्यांना गुण नाहीत. अडचण खरी आहे. मी ती बरीच वर्षे सोसली. माझी मागणी लहान आहे. त्या आकृतीच्या खाली एक आडवी रेघ ओढा, रेघेखाली तपकिरी खडूने माती दाखवा, मातीत डोळे मिटलेला एक बेडूक काढा आणि शेजारी महिने लिहा. परीक्षकाने गुण दिले नाहीत तरी कापणारही नाही. आणि जमले तर तळ्याभोवती दोन-चार शेते, एखादा बांध आणि मोकळा माळही येऊ द्या. पुढे ज्या मुलाच्या हाती तळ्याचा नकाशा येईल, त्याला निदान भिंतीला एक उतार ठेवावा असे सुचेल.

मुलांसाठी काम वेगळे आहे. यंदा पहिला मोठा पाऊस पडेल त्या रात्री घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन बाहेर पडा. पहिली डराव कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कुठून ऐकू आली ते लिहून ठेवा. बेडूक पाण्याकडे येताना दिसला तर तो कोणत्या दिशेने आला तेही टिपा, आणि दुसऱ्या दिवशी त्या दिशेला काय आहे ते पाहून या: शेत आहे, माळ आहे, की रस्ता. उन्हाळ्यात विहीर, पाया किंवा शोषखड्डा खणणाऱ्या गवंड्यांना आणि मजुरांना विचारा, किती खोलीवर बेडूक सापडतो. त्यांच्याइतकी माहिती गुरुजींनाही नसते. दोन-तीन वर्षांच्या नोंदी एकाच वहीत राहतील असे पाहा. काही जमले तर आम्हाला पत्र लिहून कळवा. गावाचे नाव आणि तारीख लिहायला विसरू नका, आणि बेडूक पकडून मात्र पाठवू नका.